कुठलं गाव तुमचं?

ग्रेग मॅक्लीन यांचा ‘वुल्फ क्रीक’ (२००५) पाहून पुष्कळांची झोप उडाली. तीन तरुण प्रवासी पश्चिम ऑस्ट्रेलियात उल्केनं पाडलेला खड्डा बघायला जातात, परत येतात तो गाडी सुरू होत नाही, आणि अंधारातून मिक टेलर नावाचा हसरा इसम मदतीला येतो. पुढचं रक्त मोजायला दूधवाल्याचं माप लागेल. चित्रपट थरकाप उडवतो, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हाच साचा उचलून आपल्या सडकेवर आणून ठेवण्याच्या हौसेबद्दल. ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यात पाचव्या मिनिटाला संपेल आणि खुनी कंटाळून घरी जाईल, असं माझं म्हणणं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात चौरस किलोमीटरमागे जेमतेम एक माणूस वाट्याला येतो. सोलापूर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार २९० येतात, आणि गाडीचं बॉनेट उघडलं की त्यातले निदान वीस तिथेच येतात. शेळ्या राखणारा म्हणतो बॅटरी, दुचाकीवरून उतरलेले तिघं म्हणतात कॉइल, आणि एक म्हातारा शांतपणे विचारतो, “पेट्रोल हाय का बघितलं का आधी?” मग मुख्य प्रश्न येतो, “कुठलं गाव तुमचं?” मराठीत उत्तर मिळालं नाही तर तो कन्नडमध्ये येतो, तेवढ्यानं भागलं नाही तर तेलुगूत. गावावरून आडनाव, आडनावावरून पाहुणे. पंधरा मिनिटांत खुनी हा प्रवाशाच्या मावशीच्या दिराचा साडू निघतो. साडूचाही खून करता येतो, नाही असं नाही. पण त्याला आधी जमिनीची वाटणी लागते आणि तो वेगळाच चित्रपट होतो.

शिवाय सामानाची अडचण आहे. तोंड झाकलेला अनोळखी माणूस पडद्यावर आला की परदेशातला प्रेक्षक खुर्ची घट्ट धरतो. सोलापुरात मे महिन्यात तोंड न झाकलेला माणूस दिसला तर काळजी वाटते. हातात धारदार हत्यार म्हणावं, तर उसाच्या हंगामात कोयतेवाला भेटला की प्रवासी किंचाळणार नाही, यंदा कारखाना काय भाव देतोय ते विचारेल. आता कुणी म्हणेल, ही सगळी दिवसाची मौज झाली. रात्री महामार्गावर कोण थांबतं? खरं आहे, रात्री पुष्कळ गाड्या काच खाली न करता निघून जातात. या मुद्द्याला पुरावा म्हणून ‘एनएच १०’ (२०१५) पुढे केला जातो. पण त्या चित्रपटात जोडप्याच्या मागे लागलेला माणूस एकटा माथेफिरू कुठे आहे? तिथे बहिणीला मारणारा भाऊ आहे, मामा आहे, आई आहे. निर्जनता नव्हे, नातेवाईक आहेत. म्हणजे आक्षेप माझ्याच बाजूला येऊन बसला.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो तासाभराच्या अंतरावरून, नळदुर्गाहून येतो. १८५३ नंतर काही वर्षं त्या भागाचा कारभार पाहणारे मेडोज टेलर हे ठगांवरच्या १८३९ सालच्या गाजलेल्या इंग्रजी कादंबरीचे लेखक. (ऑस्ट्रेलियातला खुनीही टेलर. आडनावावरून पाहुणे काढायची खोड अशी सहजी जात नाही.) ठगांबद्दल कंपनी सरकारनं जे लिहून ठेवलं त्यात खरं किती आणि साहेबांच्या कल्पनेतलं किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण त्या वर्णनातली रीत बघा. ठग आडरानात दबा धरून बसत नसत. ते वाटसरूला गाठून गोड बोलत, गाव विचारत, “एकट्यानं जाऊ नका, दिवस वाईट आहेत” असं सांगून सोबत देत. म्हणजे मी ज्या चौकशीला आपलं चिलखत समजत होतो, तेच त्यांचं हत्यार. कादंबरीत खुनाचा इशारा म्हणजे तंबाखू आणायची हाक, हत्यार म्हणजे रुमाल, आणि रक्ताचा थेंब नाही.

तेव्हा माझं म्हणणं मागे न घेता थोडं सरकवून घेतो. आपल्याकडे प्रवाशाचा घात व्हायचा तर तो एकटा पडून होणार नाही, चांगली सोबत मिळाल्यामुळे होईल. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ला (२०१७) हे उमगलं होतं. शहरातून पळालेलं जोडपं उसाच्या फडातल्या घरात आसरा घेतं, आणि तिथे गरोदर बायकोची काळजी घ्यायला एक मायाळू बाई असते. मला त्या उसापेक्षा त्या मायेची धास्ती जास्त वाटते. उसातून वाट काढता येते. “अजून एक घ्या की” म्हणणाऱ्या बाईच्या ताटावरून उठता येत नाही.

म्हणून सोलापूरच्या रस्त्यावर असा चित्रपट काढणाऱ्यानं कृत्रिम रक्ताचा खर्च वाचवावा आणि तो ताटावर लावावा. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दह्याची कवडी. गाडी बंद, बाहेर अंधार, आत आग्रह. गाव विचारून झालंय, पाहुणे निघालेत, गादीवर नवी चादर अंथरलीय. आणि यजमान हात पुसत, अगदी प्रेमानं, आतल्या खोलीकडे बघून हाक मारतात, “अरे, तंबाखू आण रे.”