आधी मला विचारायचं होतंस!

मित्राची रडकथा ऐकण्याची एक रीत असते. आपण मध्येमध्ये ‘अरे अरे’ म्हणतो, ‘च्च’ करतो, अगदीच काही सुचलं नाही तर चहाचा घोट लांबवतो. पश्चातराव यातलं काही करत नाही. तो डोळे अर्धवट मिटून शांतपणे ऐकतो. बिल भरून झालंय, प्रवेश पक्का झालाय, टाके निघालेत, म्हणजे आता यात काडीचाही बदल होणे नाही, याची एखाददुसरा प्रश्न विचारून खात्री करून घेतो. मग कप खाली ठेवतो आणि म्हणतो, “आधी मला विचारायचं होतंस!”

शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव वेगळं आहे, पण ते आता त्याची बायको आणि बँक एवढेच वापरतात. दर रविवारी आम्ही दहावीच्या १९९०च्या तुकडीतले काहीजण तळजाईवर फेरी मारतो आणि खाली उतरून अमृततुल्यात बसतो. एकेकाळी या बाकड्यांवर बढती, फ्लॅट आणि कुठली गाडी घ्यावी यावर वाद व्हायचे. आता मुलांच्या परीक्षा आणि आईवडिलांचे रिपोर्ट असे दोनच विषय उरलेत. अलीकडे आमचे स्वतःचे रिपोर्टही हळूच टेबलावर यायला लागलेत. दोन्ही विषयांत पश्चातरावाचा हात धरणारं पुण्यात कोणी नाही. फक्त तो हात वेळेवर मिळत नाही.

परवा आमच्यातल्या एकीनं तिच्या मुलाच्या सीईटीची कहाणी सांगितली. पोरगं दोन वर्षं जेईईच्या तालमीत वाढलेलं. तिथे उत्तर चुकलं की गुण कापतात, त्यामुळे खात्री नसेल तर प्रश्नाला हात लावायचा नाही, हे अंगात मुरलेलं. सीईटीतही त्यानं सवयीनं बरेच प्रश्न सोडून दिले. तिथे उणे गुण नसतात. त्यात पुढे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा, म्हणजे ‘कॅप’चा, ऑप्शन फॉर्म भरताना घरापासून तीनशे किलोमीटरवरचं एक कॉलेज ‘लागतंय का बघू तरी’ म्हणून पहिल्या नंबरवर टाकलं. पहिल्याच फेरीत नेमकं तेच लागलं.

पश्चातरावानं कप ठेवला.

“पहिल्या पसंतीचं लागलं की ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेऱ्या बंद. फॉर्म म्हणजे काय गंमत वाटली का तुम्हाला? आणि तो पेपर! गणितातले पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. येत नसेल तरी चारातलं एक ठोकून द्यायचं. आधी मला विचारायचं होतंस!”

“अरे, फॉर्म भरायच्या आदल्या रात्री मी तुलाच फोन केला होता.”

“केला होतास. पण तू ‘काय चाललंय’ असं विचारलंस. मी काय चाललंय ते सांगितलं.”

यात खोटं काही नव्हतं. पश्चातराव खोटं कधी बोलत नाही. त्याची माहितीही ऐकीव नसते. नियम, परिपत्रक, कलम, पोटकलम सगळं तो वाचून असतो. त्याच्या ज्ञानाला दोष देता येत नाही, हीच तर खरी अडचण आहे.

त्याचं खरं तेज फाकतं ते मेडिक्लेमच्या विषयात. आमच्या बँकवाल्या मित्राच्या वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पाच लाखांची पॉलिसी, कॅशलेस मंजूर, सगळं ठीकठाक. वडिलांना जरा मोकळी हवा मिळावी, बाथरूम स्वतंत्र असावी म्हणून यानं दिवसाला आठ हजारांची खोली घेतली. पॉलिसीत खोलीची मर्यादा विम्याच्या एक टक्का, म्हणजे पाच हजार. यानं हिशेब केला, वरचे तीन हजार रोजचे आपण भरू, वडिलांपेक्षा जास्त आहेत का? घरी न्यायच्या दिवशी सकाळी नऊला डॉक्टर ‘न्या घरी’ म्हणाले. त्यानंतर वडील सदरा-लेंगा घालून, पिशवी मांडीवर घेऊन, पलंगाच्या कडेला दुपारी चारपर्यंत बसून होते. दर अर्ध्या तासानं विचारत होते, “झालं का रे?” आणि हा बिलाच्या खिडकीशी उभा राहून ‘वरून अप्रूव्हल यायचंय’ हे एकच वाक्य ऐकत होता. चारला अप्रूव्हल आलं आणि त्यात सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर या सगळ्याला कात्री लागलेली होती. शिवाय हातमोजे, टोप्या, कापूस यांची वेगळी यादी. जणू वडिलांनी ते हौसेनं मागवले होते.

पश्चातरावानं खिशातून पेन काढलं, बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा केला आणि लिहून दाखवलं. “खोलीचा फरक तीन हजारांचा असला तरी कापाकापी त्याच प्रमाणात बाकीच्यालाही लागते. तुझा हक्क आठातल्या पाचाचा. सर्जन आणि थिएटर मिळून ऐंशी हजार असतील, तर कंपनी पन्नास देणार, तीस तुझे. औषधं आणि तपासण्यांना हे प्रमाण लावता येत नाही, तेवढं तपासून घे. आणि नऊ ते चार? हॉस्पिटलनं डिस्चार्जचं कळवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, असा २०२४चा नियम आहे. उशिरामुळे हॉस्पिटलनं जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीनं भरायचे. आधी—”

“—तुला विचारायचं होतं,” आम्ही सगळे म्हणालो.

मधुमेहाच्या बाबतीतही तेच. एकानं तपासणीआधी तीन दिवस गोड बंद केलं, भात बंद केला, उपाशीपोटीची साखर झकास आणली आणि एचबीएवनसीत आपटला. “ते तीन महिन्यांचं हजेरीपत्रक असतं,” पश्चातराव म्हणाला, “शेवटचे तीन दिवस वर्गात बसून भागत नाही.”

त्याच्या या विद्येचं मूळ आम्हाला ठाऊक आहे. दहावीच्या बीजगणिताच्या पेपरानंतर केंद्राच्या फाटकाशी प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीनं उत्तरं लिहून उभा असलेला पोरगा हाच. बाकीचे आपापल्या पुरवण्यांच्या धुंदीत बाहेर पडत असायचे. हा प्रत्येकाला गाठून विचारायचा, “तिसऱ्यातल्या दुसऱ्याचं काय आलं तुझं?” आपण जे सांगू त्यावर तो मान हलवायचा. ती मान कुठल्या दिशेनं हलते त्यावर आमचं दुपारचं जेवण अवलंबून असायचं. निकालात तो आमच्यापैकी कुणाच्याच फारसा पुढे नव्हता. आत बसून त्यालाही ती उत्तरं आली नव्हती. ती बाहेर आल्यावर सुचली होती.

एकदा आम्ही ठरवलं की याला खरोखरच आधी विचारायचं. एका मित्राच्या आईचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. दोन्ही एकदम करावेत की एकेक? त्यानं रीतसर कागद आणले, एक्स-रे आणला, चहाही स्वतःच्या पैशानं मागवला आणि विचारलं. पश्चातरावानं एक्स-रे उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला. त्याच्या कपाळावर आम्ही कधी न पाहिलेली आठी उमटली. “प्रत्येकाची केस वेगळी असते,” तो म्हणाला, “तू डॉक्टरांशीच बोललेलं बरं.” एवढं बोलून त्यानं चहात बिस्कीट बुडवलं, ते मोडून आत पडलं, आणि मग तो उरलेला वेळ चमच्यानं तेच शोधत बसला.

मित्रानं दोन्ही गुडघे एकदम करून घेतले. आई उत्तम चालायला लागली. पुढच्या रविवारी पश्चातराव म्हणाला, “या वयात एकेक करायचा असतो रे.” आमची खात्री आहे, एकेक केला असता तर तो म्हणाला असता, “दोन्ही एकदम उरकायचे. एकच भूल, एकच बिल.”

तरीही रविवारी तो आला नाही तर चहाला चव लागत नाही, आणि आम्ही आपापले कागद घेऊन त्याच्यासाठी थांबतो. याचं कारण मला बऱ्याच उशिरा उमगलं. बिलाच्या खिडकीशी सात तास उभं राहिलेल्या माणसाला सांत्वन नको असतं. ‘नशीब’ हा शब्द तर त्याला मुळीच ऐकायचा नसतो. त्याला कोणीतरी सांगायला हवं असतं, की या सगळ्या गोंधळात कुठेतरी एक सरळ रस्ता होता, त्याला नियम होते, आणि ते माहीत असलेला निदान एक माणूस आपल्या ओळखीचा आहे. पश्चातराव नेमकं हेच सांगतो. त्याच्या तोंडून ऐकलं की झालेला मनस्ताप एकदम शहाणपणाच्या खात्यात जमा होतो. आम्ही मान डोलावतो, पुढच्या वेळी असं करायचं नाही असं ठरवतो, आणि पुढच्या वेळी भलतंच काहीतरी होतं.

गेल्या रविवारी मात्र तो आला तोच काळा चष्मा लावून. बाकावर बसला, चहाला हात लावला नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघालाय म्हणाला. पन्नाशीतच कसा, तर साखर असली की लवकर येतो. साखर आहे हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ऑपरेशनची तारीख मिळालीय, पण डॉक्टरांनी भिंग निवडायला सांगितलंय. साधं मोनोफोकल घालावं तर लांबचं स्वच्छ, पण वाचायला चष्मा हवा. मल्टिफोकल घालावं तर चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री गाडी चालवताना दिव्यांभोवती कडी दिसू शकतात, आणि खर्चही जास्त. त्यात पॉलिसीत मोतीबिंदूला वेगळी मर्यादा. हे सगळं त्यानं अगदी बरोबर सांगितलं. मग चष्मा काढला, आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, “काय करू रे?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बँकवाल्यानं घसा खाकरला. एकीनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. शेवटी गुडघेवाला मित्र जड आवाजात म्हणाला, “हे बघ, प्रत्येकाची केस वेगळी असते.”

ऑपरेशन बुधवारी आहे. ते एकदा पार पडलं, की रविवारी आम्ही सगळे त्याला नीट समजावून सांगणार आहोत.