पडलो नाही, उतरून राहिलो होतो

मोटारसायकलवरून माणसं दोन तऱ्हांनी पडतात. चालत्या गाडीवरून पडलेल्याला लोक दवाखान्यात नेतात. उभ्या गाडीवरून पडलेल्याला आधी उचलतात, मग चहा पाजतात आणि त्याची पाठ वळली की गोष्ट सांगायला घेतात. आमच्या शेगावात दुसऱ्या तऱ्हेला अधिक मान आहे, कारण तिला साक्षीदार भरपूर. गजानन महाराजांच्या गावात गर्दी बारा महिने, त्यात गुरुवार किंवा एकादशी असली तर विचारूच नका. मंदिराकडच्या रस्त्यावर तुमचा पाय चुकीच्या जागी टेकला, तर ती बातमी संध्याकाळपर्यंत चार जिल्ह्यांत पोचते. पाहणाऱ्यांत एखादा अकोल्याचा आणि एखादा जळगावचा असतोच असतो.

शास्त्र असं आहे की चाक फिरत असेपर्यंत गाडी स्वतःला बरीचशी सावरते. कलली की हँडल त्याच बाजूला वळतं आणि ती पुन्हा सरळ होते. थांबली की सावरण्याचं सगळं काम तुमच्या डाव्या पायाकडे येतं, आणि डावा पाय नेमका त्याच वेळी गिअर शोधत असतो. शंभर सीसीची साधी गाडी ११० किलोच्या आसपास भरते, बुलेट २०० किलोच्या घरात. थोडी कलली तोवर कुणीही धरतो. एका कोनाच्या पुढे पैलवानालाही धरता येत नाही. साध्या गाडीवाल्याला हे कळतं आणि तो सोडून देतो. बुलेटवाला सोडत नाही. सगळा चौक बघतो आहे, मिशीला पीळ आहे, सायलेन्सरचा आवाज मुद्दाम पैसे देऊन वाढवून घेतला आहे. अशा माणसाला उडी मारून बाजूला होता येत नाही. मग गाडी आणि मालक दोघं, सूर्यास्ताला झेंडा उतरवावा तसे, अगदी सावकाश आणि पूर्ण इतमामानं खाली येतात.

खाली आलेला माणूस आधी गुडघा बघत नाही, आजूबाजूला बघतो. मग गाडीला बोलतो, मग गिट्टीला, मग नगरपालिकेला. आणि शेवटी, कुणीही विचारलेलं नसताना, खुलासा करतो: ‘पडलो नाही बाप्पा, उतरून राहिलो होतो.’

दुसऱ्या गावात अशा वेळी कुणी तरी ‘काऊन बे, दिसत नाही काय?’ असं ओरडतो, तुम्हीही चार शब्द ओरडता, आणि भांडणात मूळ विषय वाहून जातो. शेगावात ही सोय नाही. मंदिराच्या आसपास पडलात तर पांढऱ्या कपड्यातला एखादा सेवाधारी हात जोडून येतो, ‘माउली, लागलं नाही ना?’ असं विचारतो, गाडी उचलतो, बाजूला लावून देतो आणि पुन्हा हात जोडतो. माउली म्हणणाऱ्यावर खेकसणार कसं? इतका शुद्ध अपमान फक्त नम्रतेतूनच होऊ शकतो.

पार्किंगमधला गोंधळ याहून वरच्या दर्जाचा. बुलढाण्याची एमएच २८, अकोल्याची एमएच ३०, अमरावतीची एमएच २७, जळगावची एमएच १९. नंबरं वेगळी, गाडी एकच: काळी, शंभर सीसीची, सीटला एका बाजूला चीर पडलेली. माझ्या गाडीवर ‘श्री गजानन प्रसन्न’ लिहिलेलं आहे, त्यावरून ओळखतो, असं सांगणारा भाविक शेगावच्या पार्किंगमध्ये आपण काय बोलतो आहोत याचा विचार करत नाही. त्यातून जुन्या गाड्यांच्या चाव्या झिजलेल्या, कुलपं झिजलेली. दोघांना एकमेकांचं काहीच वावडं नसतं. दर्शन झालं, कचोरीचं पार्सल हँडलला लटकवलं, चावी फिरवली, गाडी सुरू झाली, गृहस्थ बाळापूरच्या वाटेला लागले. संशय कधी यावा? तर टाकीत पेट्रोल आहे हे लक्षात आल्यावर. आपल्या गाडीत इतकं पेट्रोल कधीच नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता जरा मागे जाऊ. ‘बॉबी’ १९७३ साली आला, त्यातल्या छोट्या राजदूतवर तरुण पिढी भाळली आणि वऱ्हाडात मोठी राजदूत फिरू लागली, दुधाचे कॅन लावून. त्या काळच्या गाड्या मालकाची फजिती करण्यात स्वावलंबी होत्या. येझदीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. किक मारायची, मग तोच दांडा खाली फिरवून गिअर टाकायचा. पाहुण्यानं गाडी मागितली तर मालक दांड्याबद्दल मुद्दाम काही सांगत नसे आणि ओट्यावर बसून बघत असे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. लग्नातल्या मिरवणुकीपुरती मागून आणलेल्या बुलेटवर नवरदेवाच्या भावानं वेग वाढवायला डावा पाय दाबला की गाडी जागच्या जागी थांबायची आणि मागे बसलेले मामा पुढे यायचे. त्याच सुमारास, १९७२ साली, लूना आली. बंद पडली तर पायडल मारा. भरचौकात घामाघूम होऊन पायडल मारणाऱ्याकडे बघून हसू नये, असा नियम होता. तो कुणी पाळल्याचं आठवत नाही.

पुढे १९८५ला हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ला स्प्लेंडर, आणि फजिती पेट्रोलच्या कॉकमध्ये येऊन राहिली. चालू, रिझर्व्ह, बंद. रात्री बंद केलेला कॉक सकाळी विसरायचा आणि किका मारत सुटायचं. गल्ली जमते. एक जण प्लग काढायला सांगतो, दुसरा टाकीत फुंक मारायला, तिसरा गाडी आडवी करायला. हे सगळे विधी यथासांग पार पडल्यावर मिस्त्री येतो, वाकून बघतो आणि अंगठ्यानं कॉक फिरवतो. गाडी पहिल्या किकला सुरू. मिस्त्री पैसे घेत नाही. घेतले असते तर बिघाड होता असं घरी सांगता आलं असतं.

कॉकची जागा नंतर हँडलवरच्या लाल बटणानं घेतली. ते दाबलं की इंजीन बंद. मोठ्या माणसांना या बटणाचा उपयोग माहीत नसतो, पण उभ्या गाडीवर बसून भुर्र करणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याला असतो.

कंपन्यांचे इंजिनिअर मात्र आपल्या मागे लागलेले आहेत. एकेक फजिती हेरून तिच्यावर इलाज काढायचा त्यांनी सपाटाच लावला आहे. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजीन सुरू होताच आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नाही. त्याआधी दिवसा दिवा चालू ठेवून फिरणं ही एक साधी, निरुपद्रवी चूक होती, आणि समोरून येणाऱ्यानं पंजा मिटून-उघडून ती दाखवून देणं हे पुण्यकर्म. खामगाव रस्त्यावर काही काका अजून हे पुण्य जमवतात. नवे गाडीवाले सुरुवातीला त्यांना नियम समजावून सांगायचे. आता ते मान हलवतात, बटण नसलेल्या जागी अंगठा दाबल्यासारखं करतात आणि पुढे जातात. काका समाधानी, दिवा चालूच.

मग १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आलं. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. कॉक गेला, चोक गेला, कित्येक गाड्यांची किकही गेली. तरी गाडी बंद पडली की लोक अजून ती आडवी करून हलवतात. कोणता देव कशानं पावेल सांगता येत नाही.

साइड स्टँडचंही तेच. खाली राहिलेलं स्टँड जमिनीला घासत चाललं की अख्खा रस्ता ‘ओ भाऊ, स्टँड!’ म्हणून ओरडतो. आपापसात जमिनीच्या बांधावरून कोर्टात गेलेले लोकही एकमेकांना स्टँड सांगतात. पण आता बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असताना गिअर टाकला की बंद पडतात. इंजिनिअरला वाटलं प्रश्न सुटला. त्यानं वऱ्हाडातला चालक पाहिलेला नसावा. माणूस गाडी सुरू करतो, गिअर टाकतो, गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. ‘नवी गाडी घेतली अन् ठकलो’ असं म्हणत तो ती ढकलत गॅरेजला नेतो. ढकलायची म्हणजे स्टँड वर करावंच लागतं. गॅरेजमध्ये मिस्त्री बटण दाबतो, गिअर टाकतो, एक चक्कर मारून आणतो. ‘काय झालं होतं?’ ‘काही नाही भाऊ, चालू तर आहे.’ मग तो घरी जातो, स्टँड लावतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गॅरेज.

पदराच्या बाबतीत मात्र थट्टा नको. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी आडोशाची जाळी कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि ती का, हे चाकात ओढणी गेलेली ज्यानं पाहिली त्याला सांगावं लागत नाही. लग्नाआधी गाडी देखणी दिसावी म्हणून पोरं ती काढून टाकतात. साखरपुडा झाला की गुपचूप परत बसवतात. तेवढाच तो कायदा वेळेवर पाळला जातो.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: पांढरे कपडे घालून सासऱ्याच्या वावरात गाडी नेऊ नका. आपली काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते, पुढचं चाक फिरायचं थांबतं, आणि गाडी तिथंच राहते. जावई पोचतो तो चप्पल हातात घेऊन.

उन्हाळा जास्त विस्तारानं सांगितला पाहिजे. जगातली पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलरनं बनवली. लाकडी सांगाडा, आणि पडू नये म्हणून बाजूला दोन लहान चाकं. म्हणजे पडण्याची काळजी तेव्हापासूनची. चाचणीच्या फेरीत खालच्या उष्णतेनं तिच्या सीटनं पेट घेतला, असं सांगतात. शेगावात त्यासाठी इंजीनही लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीशी गाठत असताना दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या काळ्या सीटवर घाईघाईनं बसा. बसणं आणि उठणं या दोन क्रिया एकाच क्षणी होऊ शकतात हे कळेल.

उन्हामुळे होणारी खरी गडबड निराळी आहे. पुरुष डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळतात, बाया स्कार्फ. डोळे सोडून काही दिसत नाही, आणि डोळ्यांवर गॉगल. अशा वेशात एक गृहस्थ बसस्टँडसमोर काळ्या गाडीवर पत्नीची वाट बघत थांबले होते. बाई आल्या, पिशव्या सांभाळत मागे बसल्या, म्हणाल्या, ‘चला हो लवकर, पोट्टं शाळेतून आलं असन.’ गृहस्थांनी मुकाट्यानं क्लच सोडला. लग्नाला बरीच वर्षं झाली की आवाज कोण ऐकतो? वळणावर बाई म्हणाल्या डावीकडे घ्या. यांचं घर उजवीकडे. दोघांनी एकदमच आपापले दुपट्टे खाली केले. ‘अहो’चा ‘दादा’ व्हायला एक सेकंद लागला. परत बसस्टँडवर आले तर त्यांचे हे, पांढरा दुपट्टा, काळी गाडी, अजून तिथंच उभे, आणि मागच्या सीटवर यांची सौभाग्यवती ‘निघाना आता’ म्हणून खांद्याला टोचत होती. आता दोन्ही कुटुंबांचं येणं-जाणं आहे.

अशा गोष्टींवर माणूस नंतर हसतो म्हणतात. नंतर म्हणजे कधी, याचा अदमास मला लागलेला आहे. त्याच जागी दुसरा कुणी पडेपर्यंत.

या सगळ्यात एक फजिती इंजिनिअरांच्या हाती अजून लागलेली नाही. कारमध्ये पट्टा लावला नाही तर गाडी बोंब मारते. मोटारसायकलवरून बायको उतरली तर गाडीला त्याचं काही नाही. पेट्रोल पंपावर ती उतरते. हे शून्य बघतात, पैसे देतात, झाकण लावतात आणि निघतात. एका गृहस्थांना निघाल्या निघाल्या गाडी हलकी चालून राहिली असं जाणवलं; त्यांनी त्याचं श्रेय ताज्या पेट्रोलला दिलं. मागून आवाज नाही म्हणजे ही रागावली, असं समजून त्यांनी सासूबाईंची तारीफ सुरू केली. शेगाव ते खामगाव सोळा-सतरा किलोमीटर अखंड तारीफ. इतकी वर्षं न सांगितलेल्या चांगल्या गोष्टी, वांग्याच्या भाजीपासून स्वभावापर्यंत, सगळ्या त्या रस्त्यावर वाया गेल्या. सासऱ्यांच्या दारात गाडी लावली तेव्हा खुद्द सासूबाई पुढे आल्या. ‘या जावईबापू. अन् पोरगी कुठं हाय?’ त्यांनी घाईघाईनं बायकोला फोन लावला. फोन हँडलला लटकवलेल्या पर्समध्ये वाजला.

ती तिकडे पंपावर पाचेक मिनिटं उभी राहिली, मग तिथल्या बाईंकडून पन्नास रुपये उसने घेऊन ऑटोनं घरी गेली आणि दाराला आतून कडी लावून झोपली. कडी किती वाजता निघाली, हे दोघंही सांगत नाहीत.

तेव्हा खामगाव रस्त्याला लागणाऱ्या तमाम बंधूंना विनंती. टाकीचं झाकण लागलं की नाही हे बघता, तसं एकदा मागेही बघा. ‘बसली काय?’ असं विचारा, उत्तर येऊ द्या, मग क्लच सोडा. उत्तर आलं तरी आवाज आपल्याच घरचा आहे ना, एवढी खात्री करून घ्या; निदान मृग लागून दुपट्टे सुटेपर्यंत.