इंटरव्हलच्या अलीकडचे अण्णा

शिरूरच्या आमच्या अण्णांनी घरच्या कॉम्प्युटरवर आजवर एकही पिक्चर इंटरव्हलपर्यंत पाहिलेला नाही. आवड नाही म्हणावं तर तसंही नाही, आवड दांडगी. पण पिक्चर सुरू झाला की थोड्याच वेळात अण्णांची मान तिरकी होते, भुवया जवळ येतात आणि ते पुटपुटतात, "अडकतोय." बाकी कुणाला काही अडकलेलं दिसत नाही. कारण बाकीचे पिक्चर बघत असतात, अण्णा तो तपासत असतात. नायिका पावसात भिजतेय, आणि अण्णा थेंब सुटे दिसतात का ते पाहतायत. खलनायकानं पिस्तूल रोखलंय, आणि अण्णांचं लक्ष त्याच्या दाढीच्या खुंटांवर. मग फर्मान निघतं : "विंडोज जुनी झाली. नवी मारावी लागणार."

या श्रद्धेला इतिहास आहे. अण्णांच्या कॉम्प्युटरवर पूर्वी २००१ सालची एक्सपी होती. एचडी पिक्चर ज्या एच.२६४ पद्धतीनं आवळून ठेवलेले असतात, ती उलगडायची सोय एक्सपीत मुळात नव्हती. त्यासाठी कोडेकचं गाठोडं बाहेरून आणून टाकावं लागे. २००९ च्या ऑक्टोबरात विंडोज सेव्हन आली, ती हा उलगडा पोटात घेऊनच. अण्णांनी ती मारली आणि पिक्चर लोण्यासारखा चालला. आयुष्यात एकदा अपग्रेडनं खरोखरच गुण आला, आणि तिथंच माणूस बिघडला.

२०१२ साली विंडोज एट आली. अण्णांनी पहिल्या झटक्यात घेतली. तिच्यातून डीव्हीडी लावायची मूळची सोयच काढून टाकलेली होती. पुतणीच्या लग्नाची डीव्हीडी लागेना. घरात गोंधळ उडाला, अण्णा शांत. म्हणाले, "नव्या सिस्टीमला हलकी प्रिंट चालत नाही." लग्न एचडीत दाखवण्याचं वचन त्यांनी सगळ्या व्याह्यांना दिलेलं होतं. डीव्हीडीत चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. जे कॅमेऱ्यानं टिपलं नाही ते कुठलीही विंडोज आणून देणार नाही, हे त्यांना सांगायची हिंमत मुलीच्या बापालाही झाली नाही.

२०१५ च्या जुलैअखेर विंडोज टेन फुकटात मिळू लागली. फुकट आणि नवी, असा योग अण्णांच्या पत्रिकेत प्रथमच. ज्या रात्री ती चढवली, त्या रात्री घरात फ्रीज सोडून सगळं बंद. व्होल्टेज हलू नये म्हणून मोटर नाही, मिक्सर नाही. वहिनींनी चटणी पाट्यावर वाटली. पडद्यावर ठिपके गोल फिरत होते आणि अण्णा समोर हात जोडून बसले होते. नव्वद टक्क्यांवर वीज गेली. अण्णा तेव्हा जे बोलले, ते घोडनदीच्या पलीकडे नगर जिल्ह्यात ऐकू गेलं म्हणतात.

रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला असलेल्या भाच्यानं एकदा धीर करून विषय काढला. "मामा, पिक्चर उलगडायचं खरं काम ग्राफिक्सच्या चिपचं. हल्लीच्या फायली एचईव्हीसीच्या, ती पद्धत २०१३ ची. तुमची चिप तिच्या आधीची. तिला ते येतच नाही, मग सगळा बोजा प्रोसेसरवर पडतो आणि पिक्चर अडकतो. विंडोज बदलून चिप शिकत नाही. शिवाय फुल एचडीचे ठिपके वीस लाखांवर. तुमचा मॉनिटर १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाखांचा. निम्मे ठिपके वाटेतच गळतात."

"मग अपग्रेड करायचीच नाही म्हणतोस?"

"करा की. विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचे व्यवहार करत असाल तर नवी घ्या. पण ती सुरक्षेसाठी. पिक्चरसाठी नव्हे."

एवढं बोलून त्यानं व्हीएलसी टाकून दिला. त्याचे कोडेक त्याच्याच पोटात असतात. एच.२६४ ची एक फाइल लावली, ती तक्रार न करता चालली. अण्णांचा चेहरा उतरला. "इतकं सोपं असेल तर त्यात काहीतरी खोट आहे," म्हणाले आणि विंडोज इलेव्हनच्या चौकशीला लागले. तिला टीपीएम २.० लागतं, जुना प्रोसेसर चालत नाही, हे कळल्यावर तर त्यांचा तिच्याविषयीचा आदर दुणावला.

दौंडचे मेहुणे रेल्वेतून निवृत्त झालेले. अण्णा सणावाराला न्हावरे-चौफुला मार्गे तिकडे जातात, तेव्हा सीपीयू सतरंजीत गुंडाळून गाडीत सोबत असतो. न जाणो, दौंडला नेट चांगलं मिळालं तर! यंदा मेहुण्यांनी त्यांना ऐकवलंच. "दाजी, पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन आमच्या दौंडला काढायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे. म्हणून डबे कधी नवे झाले नाहीत. उतारू तेच, खिडक्या त्याच."

अण्णा म्हणाले, "पण गाडी पुढं जायची ना?" आणि सीपीयूचं झाकण उघडलं.

त्या मुक्कामातच घडायचं ते घडलं. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याचा शेवट ठाऊक नसलेला अख्ख्या पुणे जिल्ह्यातला एकमेव माणूस म्हणजे अण्णा. आर्ची बुलेटवरून येते तेवढा तुकडा त्यांना पाठ आहे, कारण त्यात धूळ किती स्वच्छ दिसते यावरून ते विंडोज जोखतात. पुढं त्या पोरांचं काय झालं, याची चौकशी त्यांनी केली नाही. "चांगलंच झालं असेल," एवढं बोलून ते रिफ्रेश मारतात.

दौंडच्या मुक्कामात एका रात्री मेहुण्यांच्या नातवानं 'सैराट'चा पेन ड्राइव्ह सरळ टीव्हीला खोचला. विंडोज नाही, कोडेक नाही, ड्रायव्हर नाही, पिक्चर सुरू. अण्णांना करण्यासारखं काही उरलंच नाही. नाइलाजानं ते बघत बसले. झिंगाट झालं. इंटरव्हल आला, गेला. हैदराबाद आलं. मान सरळ होती. वहिनी पिक्चर सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या.

मग शेवट आला. नागराज मंजुळेंनी त्या अखेरच्या दृश्यात आवाज पूर्ण काढून घेतलाय. खोलीत कुणी हलेना. मेहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. अण्णा ताडकन उठून टीव्हीमागे गेले.

"आवाज गेला!" ते आतून ओरडले. "रिमोट आणा रे, याचं सॉफ्टवेअर जुनं आहे!"