म्हावरे, दूध आणि मुख्याध्यापकांचा शिक्का

शिवडीपासून न्हावा शेव्यापर्यंतच्या २१.८ किलोमीटरांच्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले, आणि त्याच्या उभारणीस जपानने कर्ज दिले असल्याकारणाने, त्या कर्जाच्या व्याजापोटीच मला तिकडच्या शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून धाडण्यात येत आहे, अशी न्हावा गावातल्या आमच्या आळीतील जाणत्या मंडळींची समजूत झाली. परदेशी शिक्षक नेमण्याची योजना जपान सरकार १९८७ पासून राबवीत आहे, इबाराकी प्रांतातील एका विद्यालयाच्या मुख्याध्यापकपदी तर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थच बसले, हे माझे निरूपण कोणीही मनावर घेतले नाही.

तिकडे पोहोचल्यावर पाहतो तो वर्गातले काम बेताचेच. वाक्य मी म्हणावे, मुलांनी एका सुरात म्हणावे. खरी परीक्षा मध्यान्हभोजनाची. १९५४ च्या कायद्याचे छत्र लाभलेल्या या विधीत, पांढरे अंगरखे व टोप्या घातलेल्या मुलांनी वाढलेले अन्न शिक्षकाने त्यांच्याच पंक्तीला बसून निमूट संपवायचे असते. तत्पूर्वी मुख्याध्यापक स्वतः ते चाखतात आणि आपण हयात आहोत अशी खात्री पटल्यावर तशी नोंद करतात. पूर्वी राजेलोक याकरिता निराळा चाकर पदरी बाळगीत.

एके दिवशी ताटात बांगडा आला, आणि शेजारी नित्याचे दूध. म्हावऱ्यावर दूध म्हणजे अंगावर कोड, हे आमच्या किनाऱ्यावर बाळकडूबरोबर पाजले जाणारे ज्ञान असून खुद्द चरकाचार्यांचा त्यास दुजोरा आहे. सबब दूध मी सविनय नाकारले. तत्क्षणी दफ्तरातून छापील तक्ता आला. माशाचे वावडे? नाही. दुधाचे? नाही. कोळंबीचे? हा प्रश्न न्हावा गावच्या माणसास विचारावा, याचेच वैषम्य वाटले! दोन निष्कलंक इसम एकत्र येताच गुन्हेगार कसे ठरतात, हे नोंदवण्यास मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता.

उपमुख्याध्यापक, पोषणतज्ज्ञ बाई आणि वर्गशिक्षक यांची बैठक भरली, तीन शिक्के उमटले, आणि हुकूम निघाला की परदेशी शिक्षकांनी मासा पंक्तीत खावा व दूध साफसफाईनंतर प्यावे. तिथे शाळा झाडतात मुलेच. पट्टेवाल्याला हाक मारण्याचे सुख नाही. त्याप्रमाणे हातातला झाडू ठेवून मी विधिपूर्वक दूध प्राशन करू लागलो.

पुढील आठवड्यात वर्गातील निम्म्या मुलांनी दूध बाजूला ठेवले. चौकशी होताच, हा हिंदुस्थानी शिष्टाचार असल्याचे त्यांनी गंभीरपणे निवेदन केले, आणि दफ्तरात नव्या तक्त्याची छपाई सुरू झाली.