आवृत्तीचे वाकनीस

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत मंत्री अथवा वाकनीस या हुद्द्याचा एक अधिकारी असे, आणि राजाच्या दिनचर्येची व दरबारातील घडामोडींची टिपणे ठेवणे हे त्याचे काम असे. पुढे राज्ये गेली, दरबार गेले, दप्तरे वाळवीच्या स्वाधीन झाली. परंतु हुद्दा खालसा झाला म्हणून वृत्ती खालसा होत नाही, आणि जगात घडलेल्या फेरफाराची नोंद आपण घेतली नाही तर तो फेरफार बेकायदेशीर ठरेल, अशी मनोमन खात्री असलेला एक तरी गृहस्थ आजही प्रत्येक गावात सापडतो. कोणी दुकानांच्या बदललेल्या पाट्या टिपून ठेवतो, कोणी रेल्वेच्या वेळापत्रकातील फरक तोंडपाठ करतो. सोलापुरात मात्र या वृत्तीची एक अगदी आधुनिक शाखा उदयास आली असून, संगणकाच्या भाषेत प्रतिवर्षी होणाऱ्या फेरबदलांची दप्तरी नोंद ठेवणे हे तिने आपले जीवितकार्य मानले आहे.

या शाखेचे अध्वर्यू, ज्यांना आम्ही स्नेही आपसांत वाकनीस म्हणतो (खरे आडनाव निराळे आहे, ते येथे छापले तर पुढील आवृत्तीत दुरुस्ती मागतील), ते शहराच्या पूर्व भागातील एका बोळात, खाली टॉवेलांचे गोदाम आणि वर पत्र्याचे छप्पर अशा जागेत संगणकाचा क्लास चालवतात. अंगात बाह्या दुमडलेला पांढरा सदरा, खिशात निळे, काळे आणि तांबडे अशी तीन पेने, आणि चेहऱ्यावर, नुकताच कोणता तरी महत्त्वाचा हुकूम वाचून आलेल्या कारकुनाचे गांभीर्य. मौज अशी, की या क्लासात विद्यार्थ्यांना शिकवले जाते ते गेल्या शतकातील टर्बो सी, कारण मुलांना परीक्षेत निळ्या पडद्याचीच सवय कामी येते. आणि क्लास सुटल्यावर, त्याच टेबलाशी बसून, जगातील अद्ययावत भाषेच्या अद्ययावत बदलांची नोंद होते. जुने शिकवावे आणि नवे लिहावे, या दोहोंत त्यांना काहीच विसंगती दिसत नाही.

ही वृत्ती त्यांच्याकडे वारशाने आली असावी. त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पाडण्याचे काम करीत. कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे मागाला सांगणारी ती पुठ्ठ्यांची माळ म्हणजे एक प्रकारची आज्ञावलीच. फ्रान्समधल्या जकार्ड नामक गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या या युक्तीतूनच पुढे भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारी गणनयंत्रे निघाली, हे वाकनीस येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगतात. एक भोक चुकले की मोराची चोच शेपटीला लागे, म्हणून नक्षीत फरक केला की कोणत्या पुठ्ठ्यावरचे कितवे भोक बुजवले हे वडील एका चोपडीत लिहून ठेवीत. चोपडी गेली, लिहून ठेवण्याची खोड चिरंजीवांत उतरली.

चिरंजीवांनी आपल्या नोंदींसाठी पायथॉन ही भाषा निवडली. तिची नवी आवृत्ती २०२० साली निघालेल्या ३.९ पासून दरवर्षी ऑक्टोबरात निघते, आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर काय नवे आले, काय पालटले आणि काय गेले याचे एक विस्तृत निवेदन प्रसिद्ध होते. ज्या शहरातून दाते पंचांग निघते, आणि शंभरी ओलांडूनही निघते, त्या शहराच्या रहिवाशाला वार्षिक प्रकाशनाचे माहात्म्य वेगळे शिकवावे लागत नाही. पाडव्याला जसे संवत्सरफल वाचावे तसे वाकनीस ऑक्टोबरात हे निवेदन स्नानोत्तर, पूर्वाभिमुख बसून वाचतात. कोणत्या आवृत्तीचा काळ केव्हा सुरू झाला, तिला पाच वर्षांनी अस्त केव्हा येणार, कोणत्या महिन्यात काय वर्ज्य, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. या निवेदनांचे मूळपुरुष ए. एम. कुचलिंग, त्यांनी २००० सालच्या २.० पासून २०१० च्या २.७ पर्यंत, कधी सहकाऱ्याला सोबत घेऊन, ही परंपरा चालवली. त्यांचे नाव घेताना वाकनीस किंचित सावरून बसतात.

वही मात्र त्यांची स्वतःची आहे. ती तलाठ्याच्या गाव नमुना सहाच्या, म्हणजे फेरफार नोंदवहीच्या, धर्तीवर आखलेली असून तिला पाच रकाने आहेत: नवे, पालटलेले, इशारा दिलेले, निष्कासित, आणि शेरा. पहिले चार रकाने निवेदनाचे. पाचवा सर्वस्वी वाकनिसांचा. ३ डिसेंबर २००८ रोजी निघालेल्या ३.० च्या पानावर लिहिले आहे: ‘प्रिंट पूर्वी उघडा फिरत असे, यापुढे कंस धारण केल्याविना बाहेर पडू नये.’ त्याखाली: ‘एकास दोनाने भागले असता पूर्वी शून्य येई, आता अर्धा येतो. शेरा: चौथीच्या गुरुजींचे म्हणणे अखेर मान्य झाले.’ आणखी खाली, चलांची नावे देवनागरीत ठेवण्याची मुभा याच आवृत्तीपासून मिळाली, म्हणून उदाहरणादाखल निळ्या शाईने, ठसठशीत अक्षरात, एक ओळ: ‘शिल्लक = जमा - खर्च’. ही ओळ संगणक निमूटपणे मान्य करतो, याचे त्यांना अजून नवल वाटते. शेऱ्यात फक्त ‘उत्तर ऋण येते’ एवढेच लिहिले आहे, आणि ते भाषेविषयी आहे की क्लासाविषयी याचा उलगडा होत नाही.

२०१९ च्या ३.८ चे पान विशेष वाचनीय आहे. अपूर्णविरामापुढे बरोबरीचे चिन्ह ठेवून चालू वाक्याच्या मध्येच चलाला किंमत देण्याची सोय या आवृत्तीत आली. परंतु तिच्यावरून इतके रण माजले, की भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये सर्वाधिकार सोडले आणि पुढे निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे कारभार गेला. यावर वाकनिसांचा शेरा: ‘एका चिन्हापायी गादी रिकामी. कारभार पंचांकडे. राज्यक्रांतीत जीवितहानी नाही.’

या साऱ्यांत त्यांचे मन जिंकले ते भाषेच्या कर्त्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या एका नियमाने. तेथे कोणी आज्ञावलीत उल्लेखनीय बदल सुचवला, तर त्या बदलाबरोबरच त्याची दोन-चार ओळींची नोंद स्वतंत्र कागदावर दाखल करावी लागते. नोंद नसेल तर पहाऱ्यावर बसवलेले यंत्रच अर्ज अडवून धरते. शिवाय एखादी वस्तू काढून टाकायची झाल्यास किमान दोन आवृत्त्या आधी तसा इशारा द्यावा, असा दंडक आहे. हा दंडक वाचल्यापासून वाकनिसांनी तो स्वगृही लागू करण्याचा यत्न चालवला आहे. शेंगाचटणीचा डबा एकदा वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आला, तेव्हा त्यांनी भाकरी हातात तशीच धरून विचारले,

“अगं, याची पूर्वसूचना?”

“अहो, हात पोचत नव्हता माझा,” सौ. वाकनीस म्हणाल्या.

“कारण ठीक आहे. पण इशारा कुठे दिलास?”

“तुमच्या त्या वहीपेक्षा आमचं पंचांग बरं,” त्या पोळपाट धूत म्हणाल्या, “निदान उपवास कधी ते तरी कळतं.”

२०२२ साली तर दोन्ही पंचांगांचा योग जुळून आला. त्या वर्षी ३.११ लांबणीवर पडत पडत नेमकी २४ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण होते. नव्या पेठेतील व्यापारी आपल्या चोपड्यांची पूजा मांडत होते तेव्हा वाकनिसांनी आपली फेरफारवही पाटावर ठेवली, तिच्यावर हळदकुंकू वाहिले, आणि बाहेर फटाक्यांचा कडकडाट चालू असता, नव्या आवृत्तीची वाट पाहत रात्री उशिरापर्यंत बसून राहिले. नवी आवृत्ती मागीलपेक्षा सरासरी सव्वापट वेगवान असल्याचे निवेदनात लिहिले होते. “सव्वापट,” ते समाधानाने म्हणाले, “शुभ आकडा आहे.” ग्रहणाचे वेध लागण्यापूर्वी नोंद पुरी करून त्यांनी वही मिटली. ती वेगवान आवृत्ती स्वतःच्या संगणकावर मात्र त्यांनी घेतली नाही. तेथे अद्याप ३.८ आहे, जिची मुदत २०२४ च्या ऑक्टोबरात संपल्याची नोंद त्यांनी स्वहस्ते तांबड्या शाईने केलेली आहे.

त्यांच्या चहाच्या टेबलावर सुताचा व्यापार करणारे एक गृहस्थ येतात. ते एकदा त्रासून म्हणाले, “मास्तर, जुनं चालतंय की! कशाला बदलायलेत ते लोक? आन् बदलले तर बदलले, तुमी कशाला लिवून ठेवायलेत?” या प्रश्नाला वाकनिसांनी दिलेले उत्तर लांबलचक आणि निरर्थक होते, परंतु त्यांची वही चाळताना मला त्याचे खरे उत्तर सापडले. पहिल्या रकान्यात, जेथे नवे आलेले टिपायचे, त्यांचे अक्षर घाईचे आणि ओळी तोकड्या आहेत; चौथ्या, निष्कासितांच्या रकान्यात मात्र अक्षर गोल, सावकाश, आणि मजकूर जागा अपुरी पडून समासात गेलेला. २०२४ च्या ३.१३ मध्ये जुन्या भांडारातील १९ विभाग एकदम वगळले गेले. त्यांत टेलनेट होते, सीजीआय होते, ध्वनिफितींचे कधीकाळचे नमुने वाचणारे विभाग होते. कर्त्यांनी त्यांना ‘मेलेल्या बॅटऱ्या’ म्हटले. वाकनिसांनी प्रत्येकाचे नाव, उपयोग आणि त्याच्या जागी काय वापरावे हे एकेक ओळ सोडून लिहिले. नव्याचा शौकीन असतो तो आलेल्या पाहुण्याकडे पाहतो, आणि त्याच्या आगमनाची दवंडी पिटणारे दहा जण मिळतात. मागील दाराने कोण निघून गेले, हे पाहायला ज्याला जाणे सोसवत नाही असाच माणूस लागतो. बदलाची विश्वासार्ह नोंद ठेवावी ती बदल न आवडणाऱ्यानेच, हे विधान विपरीत वाटेल, पण या वहीच्या चौथ्या रकान्याने ते मला पटवले.

जुन्याच्या या लोभाचे उत्कट दर्शन २.७ च्या पानावर घडते. २०१० साली आलेल्या या आवृत्तीने २०१५ साली निवृत्त व्हावे असे ठरले होते. २०१४ मध्ये तिला २०२० पर्यंत मुदतवाढ मिळाली. १ जानेवारी २०२० रोजी सेवा संपली, आणि तरीही शेवटची २.७.१८ एप्रिलमध्ये बाहेर पडली. वाकनीस लिहितात: ‘निवृत्तीनंतरही कचेरीत येऊन उरलेल्या कागदांवर सह्या करून गेली. असा नोकर पुन्हा होणे नाही.’

याचा उपयोग कोणाला, असे विचाराल तर पुण्याला विचारावे. सोलापूरची शिकलेली मुले पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने तिकडे जातात ती तिकडचीच होतात, आणि हिंजवडीतील काचेच्या इमारतीत काही अडले म्हणजे त्यांतल्या एखाद्याला बोळातील पत्र्याचे छप्पर आठवते. ३.१२ ही २ ऑक्टोबर २०२३ ला, गांधीजयंतीच्या दिवशी निघाली आणि तिने डिस्टयुटिल्स नावाचा जुना विभाग निष्कासित केला; त्याच आठवड्यात एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला.

“सर, नवं व्हर्जन टाकलं आणि जुनी पॅकेजं बसेनात की!”

“दोन वर्षांपूर्वी, ३.१० मध्ये, इशारा दिला होता.”

“कोणी दिला होता, सर?”

“त्यांनी दिला होता. मी लिहिला होता. तू वाचला नव्हतास.”

एवढे झाल्यावर, सेटअपटूल्स आधी बसवून घे, त्यात त्या विभागाची प्रत आहे, हा उपाय त्यांनी वहीत न पाहता सांगितला. आणि फोन ठेवताना त्यांच्या मुखावर जे तेज फाकले, त्याला विद्यादानाचा आनंद म्हणावे की ‘मी सांगितले होते’ या तीन शब्दांचे सुख, हे ठरवणे कठीण होते.

अलीकडे एक अघटित घडले आहे. वाकनीस आयुष्यात प्रथमच एका बदलाची वाट पाहत आहेत. विंडोज चालवणाऱ्या संगणकावर पायथॉन फाइल उघडते ती, वेगळे सांगितले नाही तर, त्या यंत्राच्या जुन्या अक्षरसंकेताने. त्यामुळे व्यापाऱ्यांच्या याद्यांतील देवनागरी नावांच्या जागी वेलांट्यांशी संबंध नसलेली फ्रेंच वळणाची अक्षरे उमटतात आणि प्रतिष्ठित गिऱ्हाइके आपापल्या बिलावर ओळखू येईनाशी होतात. यावर उपाय म्हणून वाकनीस प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ चा संकेत हाताने लिहीत आले. आता २०२६ च्या ऑक्टोबरात अपेक्षित असलेल्या ३.१५ पासून हाच संकेत आपोआप गृहीत धरला जाणार आहे; त्यांनी त्याची नोंद आगाऊच करून ठेवली असून, पहिल्या रकान्यात इतके गोल अक्षर यापूर्वी कधी पडले नव्हते.

“म्हणजे आता हाताने लिहायचे थांबवणार ना?” मी विचारले.

“छे!” ते म्हणाले. “नियम त्यांनी बदलला, उत्तम केलं. पण माझ्या सवयीला इशारा कुठे मिळालाय? दोन आवृत्त्या तरी आधी मिळायला हवा.”