मानसशास्त्रात बी.ए. झालात? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (नंदुरबार आवृत्ती)

अभिनंदन! जळगावच्या विद्यापीठाची पदवी हातात आली. म्युलर-लायरच्या रेषा मोजून झाल्या, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या झाल्या. आता पुढे काय, ते खाली क्रमाने दिलंय. घाई करू नका. घाई करण्यासारखं पुढे काही नाही.

१. आधी एखाद्या लग्नाला जा. हळदीच्या मांडवात कुणीतरी काका गाठतीलच आणि म्हणतील, ‘मना मनमा काय शे, सांग बरं!’ अशा वेळी ‘मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास’ वगैरे घोकलेलं काढू नका. डोळे बारीक करा, सुस्कारा सोडा आणि म्हणा, ‘काका, तुम्हले घरमा कोनी समजी लेत नही.’ हे निदान आजवर कुठल्याही काकांच्या बाबतीत चुकलेलं नाही. खूश होऊन ते तुम्हाला मिरचीच्या पथारीवर वजनाची वही सांभाळायला बोलावतील. नाही म्हणू नका, अनुभव धरला जातो.

२. स्वप्न मोठं पाहा. दारावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावायची तर वाट सरळ आहे: एम.ए., मग भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल., मग परिषदेकडे नोंदणी. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. मोडीत काढलं, हे खरं. पण २०२४ मध्ये यूजीसीने कळवलं की या विषयाचं एम.फिल. २०२५-२६ पर्यंत चालेल. तुमचं एम.ए. होईपर्यंत ती मुदत टळलेली असेल. हरकत नाही, तोवर नवं परिपत्रक निघेल. परिपत्रकांची फाइल करा, पुढेमागे पीएच.डी.ला विषय होईल.

३. नोकरी सरकारीच हवी, हा घरच्यांचा हट्ट मोडू नका. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ चा. आपला जिल्हा १९९८ चा, म्हणजे दोघेही थोरले. थोरल्यांना पायऱ्या चढायला वेळ लागतो, समजून घ्या. जाहिरात निघालीच तर पद कंत्राटी असेल, अकरा महिन्यांचं. इथे म्युलर-लायर आठवा. तिथे सारख्या रेषा लहानमोठ्या दिसतात. इथे अकरा महिने हुबेहूब वर्षासारखे दिसतात. मनोरुग्णालयातच काम करायचं असेल तर ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी यांपैकी निवडा. नंदुरबारहून चारही सारखीच गैरसोयीची आहेत, त्यामुळे निवड सोपी.

४. बुद्धिमापन शिका. या पायरीवर जरा थांबा, सगळी कला इथेच आहे. समजा, दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरात मदतनीस म्हणून तुमची वर्णी लागली. चांदसैली घाट उतरून धडगावकडचा एक बाप पोराला घेऊन आलाय. पोरगा पावरी बोलतो. तुमच्यापुढे बिने-कामत चाचणी, आणि ती बेतलेली कन्नड अन् मराठी मुलांसाठी. गडबडून जाऊ नका. मराठीत प्रश्न विचारा. पोरगा बापाकडे पाहील, बाप सोबत आलेल्या गावच्या आशाताईंकडे, आशाताई तुमच्याकडे. मग आशाताई तोच प्रश्न पावरीत विचारतील, पण तो तिप्पट लांब असेल आणि उत्तर त्यातच येऊन जाईल. आता पोराचं उत्तर बरोबर. गुण कुणाला द्यायचे? पोरालाच द्या, आशाताईंच्या नावाचा अर्ज नाही.

भाषेची अडचण नको म्हणून भाटियांची ठोकळे जुळवण्याची चाचणी काढाल, तर ठोकळे कसे लावायचे ते सांगायला तोंड उघडावंच लागतं. पोरगा ठोकळ्यांचा बैल करेल. बैल सुरेख असेल, गुण शून्य. मुलाला प्रश्न कळला नाही, की तुम्हाला विचारता आला नाही, असा रकाना फॉर्मवर नसतो. तेव्हा पावरी शिकण्याच्या फंदात पडू नका. तिला ना क्रेडिट, ना प्रमाणपत्र.

५. मधला काळ अभ्यासिकेत काढा. यूपीएससीला मानसशास्त्र वैकल्पिक घेता येतं, हे वाक्य घरी आठवड्यातून एकदा म्हणत जा. वडील त्यावर वर्षभर गप्प बसतात.

६. ज्या कॉलेजात शिकलात तिथेच शिकवायची हौस असेल तर नेट किंवा सेट काढा आणि तासिका तत्त्वावर लागा. पैसे तासाला मिळतात. सुटीत तास नसतात, त्यामुळे ‘प्रेरणा’ हे प्रकरण आधी उरकून घ्या.

७. तेही जमलं नाही तर सुरतेची गाडी आहेच. तिकडे एचआरमध्ये घेतात. काम एवढंच, की कारागीर नोकरी का सोडतोय हे त्याला हळुवारपणे विचारायचं आणि फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ लिहायचं.

८. यातून झोप उडाली, छाती धडधडू लागली तर लाज बाळगू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. फोन लावा, मन मोकळं करा. ठेवण्याआधी पलीकडच्या ताईंचं शिक्षण किती ते विचारा, आणि तिथे एखादी जागा निघतेय का तेही.