सालदार

आजाऱ्याला भेटायला जाताना लोक फळं नेतात. आमच्या सोसायटीतले सालदार रिकाम्या हाताने जातात आणि साली घेऊन परततात. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी खाटेशी बसून नानांना दोन मोसंबी आग्रहाने खाऊ घातली, स्वतः सोलून! निघताना खिशातून घडी घातलेली पिशवी काढली. म्हणाले, "गरात काय, साखर आणि पाणी. खरा माल वर असतो."

बँकेतून निवृत्त होईपर्यंत त्यांचं सालीशी काही देणंघेणं नव्हतं. मग एका रिकाम्या दुपारी त्यांना हेस्पेरिडिन भेटलं. संत्र्याच्या सालीतलं हे द्रव्य लब्रेताँ या फ्रेंच माणसाने १८२८ साली वेगळं काढलं, ही कथा ते लिफ्टमध्ये तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत पुरवतात. पाचव्यावर राहणाऱ्यांना सेंट-ग्यॉर्गीही ऐकावा लागतो: १९३७चं नोबेल, आणि लिंबातल्या फ्लॅवोनॉइडांना त्याने दिलेलं 'व्हिटॅमिन पी' हे नाव. ते नाव पुढे बाद झालं, हे सांगायच्या आत दार उघडतं.

गॅलरीत पूर्वी कुरडया वाळायच्या. आता जुन्या धोतरावर डाळिंबाच्या साली पसरलेल्या असतात. त्यांतल्या प्युनिकॅलॅजिनचं नाव सालदार सोवळ्यात असल्यासारखं घेतात. या सालीचा काढा आपल्याकडे जुलाबावर देत आले आहेत; तुरट टॅनिन आपलं काम चोख करतं. सालदारांनी तो जुलाब नसलेल्या सेक्रेटरींना आठवडाभर पाजला. सोसायटीची सभा पुढे ढकलावी लागली. कारण नोटीस बोर्डावर लिहिण्यासारखं नव्हतं.

सत्यनारायणाला ते प्रसादाआधी केळ्यांच्या साली मागतात. त्यांत डोपामिन असतं, म्हणून मन प्रसन्न राहतं म्हणे. खाल्लेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, असं मेडिकलला असलेल्या देशपांड्यांच्या मुलीने सांगितलं, तर म्हणाले, "शिक्षण पूर्ण होऊ दे तुझं."

माणूस अगदीच चुकीचा नाही, हीच खरी पंचाईत. कीड आणि बुरशी आधी सालीवरच चाल करून येते, म्हणून झाड ही कडू-तुरट द्रव्यं बरीचशी तिथेच साठवतं. फवारणीही तिथेच बसते, पण त्या विषयावर सालदारांना ऐकायला कमी येतं.

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. वाढणाऱ्या काकू मूळच्या रत्नागिरीच्या. सालदार कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉलवर बोलत होते आणि बोलता बोलता आमटीतले काळे तुकडे चमच्याने वेचून ताटाच्या कडेला ठेवत होते.

"अहो, मग ते काय काढून टाकताय?" काकूंनी विचारलं.

"हे? हे आमसूल. हे कोण खातं!"